टोकियोत राहून सुमो बघताना

परदेशात राहताना तिथल्या लोकांची रोजची करमणूक कशी वाटली, असं तुम्ही विचारलंय. मी मूळचा कोल्हापूरचा, आता टोकियोत राहतो. साहजिकच माझं उत्तर सुमोवर येऊन थांबतं.

वर्षाला सहा स्पर्धा, प्रत्येक पंधरा दिवसांची. त्या पंधरवड्यात संध्याकाळी पाचला आमच्या गल्लीतल्या छोट्या खाणावळीत गेलं की टीव्हीवर सुमोच. सहाच्या सुमाराला शेवटची कुस्ती होईपर्यंत तिथल्या आजी पडद्यापासून फार लांब जात नाहीत. सुरुवातीला मला काही कळेना. मीठ उधळायचं, बसायचं, उठायचं, परत कोपऱ्यात जायचं. क्रमवारीतल्या वरच्या गटात हे चार मिनिटांपर्यंत चालतं आणि झोंबी दहा सेकंदांत खलास! आजी म्हणाल्या, "मीठ नको बघू, डोळे बघ." मग उमगलं, ही तर आपली खडाखडीच, भिडण्याआधी एकमेकांचा अंदाज घेणं, फक्त अंगाला हात न लावता.

वजनगट नाहीत. बरोबरीत सोडवणंही नाही. पंचांना निर्णय देता आला नाही तर कुस्ती पुन्हा लावतात. निकाली कुस्तीवर जीव असणाऱ्या आमच्यासारख्यांना याहून काय हवं?

पण मनात घर केलं ते जिंकणाऱ्याच्या वागण्यानं. शड्डू नाही, उडी नाही. वाकून नमस्कार करतो आणि पुढच्या मल्लाच्या हाती पाण्याचा पळा देतो. हरलेला पाणी देत नाही, मुकाट्यानं निघून जातो. आमच्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात जिंकलेल्याला खांद्यावर घेतात, हलगी कडाडते. त्या हलगीची मला इथे फार आठवण येते, तरीही ही शांतता आता आवडायला लागली आहे.

कधी इथे आलात तर जानेवारी, मे किंवा सप्टेंबरमध्ये टोकियोतल्या रियोगोकुच्या सुमो सभागृहात सकाळीच जा. खुर्च्या रिकाम्या असतात आणि खालच्या गटातली पोरं लढत असतात. त्यांना महिन्याचा पगार नसतो. तालमीतच राहायचं, झाडलोट करायची, वरच्या मल्लांची कामं करायची. वस्तादाच्या हाताखालची आमच्याकडची पोरं आठवतात.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. सुमोच्या रिंगणात बाईनं पाय ठेवायचा नाही. 2018 मध्ये इथल्या माइझुरु शहरात तिथले महापौर रिंगणातच कोसळले, प्रथमोपचाराला बायका धावल्या, तर ध्वनिक्षेपकावरून त्यांना खाली उतरायला सांगितलं. नंतर सुमो संघटनेच्या प्रमुखांनी माफी मागितली, नियम तसाच राहिला. आमच्याकडे 2023 मध्ये सांगलीत महिला महाराष्ट्र केसरी झाली. त्या कुस्त्यांचे व्हिडिओ मी आजींना फोनवर दाखवले. त्यांनी हात पुसून फोन स्वतःकडे घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.