क्रूझचं भाडं आणि केबिनचं अपग्रेड: वाचकांचे प्रश्न

पाऊस सरला की मुरगाव बंदरात क्रूझ जहाजं दिसू लागतात आणि आमच्याकडे भाड्याच्या चौकशीची पत्रं सुरू होतात. या वेळी त्यांतले पाच प्रश्न घेतले आहेत.

नाताळच्या सुट्टीत सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ करायची आहे. आम्ही दोघे, 9 आणि 13 वर्षांची मुलं, शिवाय सासू-सासरे. एजंट म्हणतो, थांबा, शेवटी भाव पडतात. थांबावं का? (मडगाव)

थांबू नका. शेवटच्या घटकेचा स्वस्त भाव दोघांच्या केबिनला मिळतो, तोही शाळा चालू असतानाच्या फेऱ्यांवर. तुम्हाला तिघा-चौघांची केबिन लागणार, आणि तशा केबिन जहाजावर मुळात कमी असतात. त्यात आणखी एक अडचण आहे, जी एजंट सहसा सांगत नाहीत. प्रत्येक केबिन एका ठरावीक जीवरक्षक बोटीला जोडलेली असते. त्या बोटीची माणसं भरली की त्या भागातल्या केबिनमध्ये तिसरा-चौथा प्रवासी घेणं कंपनी बंद करते. मग केबिन रिकामी दिसते, पण चार नावं घातली की ‘उपलब्ध नाही’ येतं.

म्हणून आत्ताच डिपॉझिट भरून दोन शेजारच्या केबिन धरा. भरताना दोन गोष्टी लेखी विचारा: डिपॉझिट परत मिळणारं आहे का, आणि पूर्ण पैसे भरण्याची शेवटची तारीख कोणती. ही तारीख जहाज सुटण्याच्या साधारण 75 ते 90 दिवस आधीची असते, सणासुदीच्या फेऱ्यांना त्याहूनही आधीची. तिच्या आसपास एजंटांनी गटांसाठी अडवून ठेवलेल्या, न विकलेल्या केबिन कंपनीकडे परत जातात आणि भाव हलतो. त्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत आठवड्यातून एकदा कंपनीच्या संकेतस्थळावर तोच प्रकार आणि तितकीच माणसं घालून भाव बघा. कमी दिसला तर तारीख उलटण्याआधी एजंटला नव्या भावाने बुकिंग करून मागा. पैसे पूर्ण भरल्यावर फरक परत मिळत नाही, फार तर अपग्रेड किंवा जहाजावर खर्चायची रक्कम देतात. मात्र जुन्या बुकिंगवर अशी काही सवलत मिळाली असेल, तर भाव बदलताना ती जाऊ शकते. दोन्हींची वजाबाकी करूनच होकार द्या.

बुकिंगनंतर अपग्रेडसाठी बोली लावा, असा ई-मेल आला आहे. चार रात्रींसाठी आमची खिडकी नसलेली इनसाइड केबिन आहे. बाल्कनीसाठी किमान 80 डॉलर दिसतात. किती लावावेत? (पणजी)

आधी हा आकडा नीट समजून घ्या. रॉयल कॅरिबियन, नॉर्वेजियन यांच्यासारख्या कंपन्यांत बोली माणशी असते आणि दोघांची धरली जाते. तुमचे 80 म्हणजे प्रत्यक्षात 160 डॉलर. ही रक्कम तुम्ही आधी भरलेल्या भाड्याच्या वर. केबिनमध्ये तिसरा-चौथा माणूस असला तरी बोली दोघांचीच राहते, म्हणून चौघांच्या कुटुंबाला ती फायद्याची पडते. पण वरच्या केबिनमध्ये चौघे मावत नसतील, तर तो पर्याय तुम्हाला मिळणारच नाही.

आता त्याच फेरीची बाल्कनी केबिन आज किती आहे ते बघा. समजा, तुम्ही दोघांचे मिळून 900 डॉलर भरलेत आणि आज बाल्कनी 1,200 ला आहे. म्हणजे फरक 300 चा. तो देऊन केबिनचा नंबर स्वतः निवडता येतो. बोलीत जागा कंपनी ठरवते, त्यामुळे बोली या फरकाच्या बरीच खाली असायला हवी. आमच्या मते निम्म्याच्या वर जाऊ नये. इथे किमान बोलीच 160 ची, म्हणजे निम्म्याहून जरा जास्त. त्यामुळे लावायचीच तर किमान लावा आणि सोडून द्या. पडद्यावरचा बोलीची ताकद दाखवणारा काटा ‘कमकुवत’ दाखवतो म्हणून घाबरून वाढवू नका. जहाज किती रिकामं आहे हे तो काटा सांगत नाही.

बोली मान्य होईपर्यंत बदलता किंवा मागे घेता येते. मान्य झाली की कार्डावरून लगेच पैसे जातात आणि ते परत येत नाहीत. निरोप अगदी जहाज सुटण्याच्या दोन दिवस आधीपर्यंत येऊ शकतो, म्हणून कार्डावर परदेशी व्यवहार तोवर चालू ठेवा. बँक डॉलरच्या दरावर वेगळा आकार लावते, तोही हिशेबात धरा. सूटसाठी, म्हणजे बैठकीची जागा असलेल्या मोठ्या केबिनसाठी, बोली लावणार असाल तर सूटची रोजची टिप जास्त असते, हे लक्षात ठेवा.

फसगत बहुतेक जागेत होते. जहाजाच्या मधोमध, खालच्या डेकवर शांत इनसाइड केबिन निवडलेली असते, आणि अपग्रेडमध्ये जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला, नाळेजवळची खिडकीवाली केबिन मिळते. तिथे जहाज सर्वांत जास्त डोलतं आणि पहाटे नांगराची साखळी सुटली की भिंत थरथरते. कुणाला बोट लागत असेल तर बोली लावूच नका. अपग्रेड झालंच, तर बॅगांना लावायचे टॅग आणि बोर्डिंग पास पुन्हा छापून घ्या, कारण केबिनचा नंबर बदललेला असतो.

हा ई-मेल ज्यांना आलाच नाही त्यांनी एजंटला विचारावं. एजंटने बुकिंगवर स्वतःचा ई-मेल घातलेला असेल, तर असे सगळे निरोप त्याच्याकडे पडून राहतात.

‘गॅरंटी’ केबिन स्वस्त पडते, घ्यावी का? (म्हापसा)

गॅरंटी म्हणजे प्रकार नक्की, नंबर नाही. बाल्कनी गॅरंटी घेतली तर बाल्कनीच्या खालचं काही देणार नाहीत. कधी वरच्या प्रकारातली केबिन हाती लागते, पण त्या आशेवर घेऊ नका. न विकल्या गेलेल्या केबिन शिल्लक का राहिल्या, ते बघा. एखादी थिएटरच्या डोक्यावर असते, एखादी पोहण्याच्या तलावाच्या बरोबर खाली, जिथे पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज छतातून येतो. एखाद्या केबिनच्या खिडकीपुढे जीवरक्षक बोट टांगलेली असते, तर एखादीला शेजारच्या केबिनमध्ये उघडणारं दार असतं आणि पलीकडचं बोलणं शब्दशः ऐकू येतं.

दोघेच आहात, झोप गाढ आहे आणि फरक चांगला आहे, तर जरूर घ्या. सोबत म्हातारी माणसं असतील किंवा दोन केबिन शेजारी हव्या असतील, तर नको. नंबर निवडायचा असेल तेव्हा डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडा आणि आपल्या केबिनच्या वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच आहेत ना, एवढं तपासा.

माझा भाऊ तारवटी आहे, एका परदेशी क्रूझ कंपनीत. त्याच्या नावावर आम्हाला सवलत मिळेल का? (बाणावली)

गोव्यातल्या कितीतरी घरांत हा प्रश्न असतो. बऱ्याच कंपन्यांत खलाशांच्या कुटुंबाला आणि मित्रांना वेगळा दर असतो, पण तो एजंटकडे मिळत नाही. भावानेच जहाजावरच्या किंवा कंपनीच्या कर्मचारी विभागाकडे अर्ज करायचा. हा दर बहुधा जागा रिकामी राहिली तरच आणि फेरी जवळ आल्यावर देतात. म्हणून परत न मिळणारं विमान तिकीट आधी काढू नका. बंदराचे कर आणि टिप वेगळे भरावे लागतात. भावाचा करार कोणत्या महिन्यात संपतो हेही विचारा, नाहीतर तुम्ही चढाल आणि तो बाणावलीत घरी असेल. शिवाय प्रवासात तुमच्याकडून काही बेशिस्त झाली, तर जाब त्याला द्यावा लागतो.

मुंबई–गोवा फेरीची जाहिरात एक आकडा सांगते आणि बिल भलतंच येतं. काय काय धरायचं? (फोंडा)

जाहिरातीतला आकडा माणशी असतो, तोही एका केबिनमध्ये दोघे आहेत असं धरून. एकटे गेलात तर जवळजवळ दोघांचं भाडं पडू शकतं. त्यावर बंदर शुल्क, जीएसटी आणि टिप. ‘मुलं फुकट’ म्हटलं तरी त्यांचं बंदर शुल्क आणि कर बहुधा लागतातच. एजंटकडून प्रत्येक ओळ वेगळी लिहिलेलं कोटेशन घ्या आणि शेवटच्या बेरजेवरच दोन एजंटांची तुलना करा.

वार बदलून बघा. शुक्रवारी सुटणाऱ्या फेरीपेक्षा सोमवार–मंगळवारची सहसा स्वस्त असते, आणि अपग्रेडची शक्यताही तिथेच जास्त. काउंटरवर वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस सांगून फुकट अपग्रेड मिळत नाही. चढल्यावर रिसेप्शनला एवढंच विचारा: वरची केबिन रिकामी आहे का, आणि आज कितीला देणार? पहिल्या तासाभरात विचारा, कारण नंतर हाऊसकीपिंगला केबिन पुन्हा लावायला वेळ राहत नाही.

मुंबईहून चढणार असाल तर आदल्या रात्रीच्या गाडीने पहाटे पोचून दुपारी बॅलार्ड पियर गाठता येतं. पण ऑक्टोबरची फेरी असेल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू आहे का ते बघूनच तिकीट काढा. पावसाळी वेळापत्रकात गाड्यांच्या वेळा बदलतात, आणि जहाज कुणासाठी थांबत नाही.

परदेशी फेरी भारतातल्या एजंटकडून घेतलीत तर तो बिलावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा करायचा आयकर, लावतो. ती रक्कम आयकर विवरणात वळती करून मिळते, म्हणून घरातला जो विवरण भरतो त्याच्याच पॅनवर बुकिंग करा. आणि सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणार असाल, तर व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे त्यावर छापलेलं स्वतः वाचा. जहाज बाहेर पडून परत आलं की तो दुसरा प्रवेश धरला जातो.