नेदरलँडला यायच्या आधी बडोद्यातच एक शीट कापून बघ

कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहेस, सपाट मेटामटेरियलवरच (म्हणजे ज्यांचे गुण पदार्थापेक्षा कापांच्या-भोकांच्या रचनेतून येतात अशा शीटवर) पीएच.डी. करायची आहे, तर नेदरलँडला येऊ का आणि तोवर काय करू, असं विचारलंस. जरूर ये. मीही कलाभवनातलाच, घर दांडिया बाजारात.

इथे पीएच.डी. म्हणजे बहुतेक ठिकाणी पगारी नोकरी, साधारण चार वर्षांची. मुलाखतीत मार्कांपेक्षा तू स्वतः काय करून पाहिलंस याचीच चौकशी जास्त होते. माझी तरी झाली.

तेव्हा सुरुवातीला कोपऱ्याला कोपरा जोडलेले एकसारखे चौरस चौकोन घे. २००० साली ग्रिमा आणि इव्हान्स यांनी ही रचना मांडली. ओढलं की चौकोन फिरतात आणि शीट लांबीबरोबर रुंदीलाही वाढते. चौकोन ताठ आणि बिजागऱ्या आदर्श धरल्या, तर पॉयसन गुणोत्तर (लांबीला ओढल्यावर रुंदी किती आकसते याचं माप; उणे म्हणजे रुंदी वाढते) बरोबर उणे १. पूर्ण मिटलेल्या रचनेपासून प्रत्येक चौकोन ४५ अंश फिरला की शीटच्या दोन्ही बाजू १.४१ पट. हे कागदावर सोडव, मग मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) लेझर कटिंगवाल्याकडून ईव्हीए, म्हणजे मऊ फोमची, शीट कापून घे. (पीव्हीसी नको, धूर विषारी असतो.)

कापलेल्या शीटवर मोजलंस तर उणे १ येणार नाही, आणि खरा विषय तिथूनच सुरू होतो. दोन चौकोनांमधला सांधा जाड झाला की चौकोन फिरण्याऐवजी सगळंच थोडंथोडं ताणलं जातं. जाडी बदलून चार शीट काप, ठिपके मारून फोटो काढ, ताण वाढताना गुणोत्तर कसं बदलतं ते मांड. अर्जाला हाच आलेख जोड.

जमलं तर लहान-मोठी भोकं आलटूनपालटून असलेली सिलिकॉन शीट ओतून बघ. नेदरलँडमधल्या लायडन विद्यापीठातल्या गटाचं २०१४ चं काम आहे ते. बाजूंनी जितकं आवळावं तितका वरून दाबताना तिचा स्वभाव पालटतो: आधी नुसता विरोध वाढतो, मग मधेच घटतो, आणखी आवळलं तर शीट झटक्यानं रूप बदलते. ती हातात धरली आणि मला दुसरं काही करावंसंच वाटेना.

लायडन आणि अ‍ॅमस्टरडॅमला भौतिकीच्या अंगाने विचार करतात, डेल्फ्टला हाडांच्या इम्प्लांटवरही काम चालतं. तुझा ओढा बघून ठरव.

जन्मदाखला मात्र आजच काढ. गुजरातीत असेल तर भाषांतर आणि अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) करून घे, इथल्या नगरपालिकेत नोंदणीला लागतो. माझ्या दाखल्यावर वडिलांच्या नावाला 'भाई', पासपोर्टवर 'राव'; दुरुस्तीत दोन महिने गेले.

आलेख निघाला की मला पाठव, सांध्याची जाडी त्यावर लिहून.