खारपाणपट्ट्यात ओट्याखालचं डिशवॉशर बदलताना

प्रश्न : आम्ही दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात राहतो. घरी सहा माणसं, हंगामात गडीमाणसं धरून दहा. २०१६ मध्ये घर बांधलं तेव्हा ओट्याखाली भांडी धुण्याचं मशीन बसवून घेतलं होतं, पुढून बाकीच्या कपाटांसारखाच लाकडी पल्ला. ते आता पाणी तापवत नाही, पंप घरघरतो, आतल्या स्टीलवर तांबूस टिपके पडलेत. ग्लास तर नेहमीच पांढरट निघायचे. मेकॅनिक म्हणतो, हीटर आणि पंप दोन्ही बदला. दुकानदार म्हणतो, ओट्याखालचं सोडा, सुटं मशीन घ्या. काय करावं? पाणी बोअरचं आहे. नळ चार-पाच दिवसांआड येतो.
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, दुरुस्तीत पैसे घालू नका. नुसता हीटर गेला असता तर मी थांबा म्हटलं असतं. पण आतल्या स्टीललाच टिपके पडलेत, म्हणजे खारानं मशीनची आतली टाकी खाल्ली. नवा पंप त्याच टाकीखाली बसवून काय उपयोग?

माझंही घर पूर्णेच्या काठच्या याच खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात आहे. माझं पहिलं मशीन मी बोअरवर जोडलं होतं. मीठ भरत होते, चांगली पावडर वापरत होते, तरी चौथ्या वर्षी खालच्या जाळीजवळ मोहरीएवढे खड्डे दिसले. बोट फिरवलं की खरखर लागायची. तेव्हा कळलं, की जड पाणी वेगळं आणि खारं पाणी वेगळं. मशीनच्या तळाशी मिठाचा कप्पा असतो. त्याच्या शेजारी राळेचे बारीक मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. आपण भरलेलं मीठ ते मणी धुऊन पुन्हा ताजे करतं. म्हणजे जडपणा जातो, खारेपणा तसाच राहतो. गरम पाण्यातलं क्लोराईड मग स्टीलला टोचत राहतं. कितीही महागाचं मशीन आणलं तरी हे चुकत नाही.

तुमच्या ग्लासांवरचा पांढरेपणा आजच तपासून पाहा. ओलं बोट फिरवून डाग गेला तर तो खाराचा. लिंबाची फोड घासल्यावर गेला तर जडपणाचा. दोन्हीनं नाही गेला तर काचच झिजली, तिला इलाज नाही.

म्हणून मशीन पाहायला जायच्या आधी पाणी ठरवा. शहानूर धरणाच्या योजनेचं पाणी तुमच्या नळाला येत असेल तर मशीन फक्त त्यावरच जोडा, बोअरचा फाटा पार तोडा. चार-पाच दिवसांआड नळ येतो म्हणून घाबरू नका. मशीन एका वेळेला साधारण दहा ते पंधरा लिटर पाणी घेतं. दिवसातून दोनदा लावलं तरी पाच दिवसांत दीडशे लिटरच्या आत भागतं. पाचशे लिटरची एक वेगळी टाकी फक्त मशीनसाठी ठेवा. त्या पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या आणि अहवालात ‘एकूण काठिण्य’, म्हणजे पाण्याचा जडपणा, किती ते वाचा. दुकानदार खिशातून टीडीएस मीटर काढेल, त्यावर जाऊ नका. ते मीटर मीठ आणि चुना सगळं एकत्र मोजतं, आणि आपल्याकडे त्यात मिठाचाच वाटा मोठा असतो. अहवालातल्या काठिण्याच्या आकड्याला १७.८ नं भागलं की जडपणाचे जर्मन अंश निघतात. बऱ्याच मशीनवर मिठाची पातळी त्या अंशांवरच लावतात. समजा ३५६ आलं, तर २० अंश. ही पातळी मशीन बसवणाऱ्याकडून तुमच्यासमोर लावून घ्या. बरेचदा ते कारखान्यातून आली तशीच सोडून जातात.

कप्प्यात घरचं बारीक मीठ घालू नका. त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली पूड असते. मशीनचंच जाड मीठ आणा.

पाण्याचा जोरही पाहा. टाकी दहा मीटर उंच असेल तेव्हा एक बार दाब मिळतो. आपल्या एकमजली घरावरची टाकी जेमतेम तीन-साडेतीन मीटरवर असते, आणि बऱ्याच मशीनना निदान अर्धा बार लागतो. मशीनच्या नळाखाली दहा लिटरची बादली ठेवा, नळ पूर्ण सोडा, घड्याळ पाहा. मिनिटभरात भरली नाही तर छोटा प्रेशर पंप लागेल. आणि नळाला गाळणी हवीच.

आता दुकानदाराचं म्हणणं. सुटं मशीन साधारण ८५ सेंटीमीटर उंच असतं. तुमच्या ओट्याखाली ते बहुतेक जाणार नाही. काहींचं वरचं झाकण काढता येतं, मग ८२ च्या आसपास येतात. पण तुमचा लाकडी पल्ला त्याला बसणार नाही. जागा आहे, पल्ला आहे, तर ओट्याखालचंच घ्या. उंची मात्र तीन जागी मोजा. माझ्याकडे पुढे ८२.४ आणि मागे ८१.६ भरली, कारण फरशीला मोरीकडे उतार होता. पुढच्याच मापावर मशीन आणलं असतं तर अडकलं असतं. रुंदी ६० हवी. पल्ला काढून वजन करा, आम्ही तुरीच्या काट्यावर केलं. दाराची स्प्रिंग किती वजन पेलते ते मशीनच्या कागदात लिहिलेलं असतं. जड पल्ला लावला तर दार धाडकन खाली येतं. दार उघडताना पल्ल्याची खालची कड पायथ्याच्या पट्टीला घासते का, तेही सुताराला आधीच दाखवा.

दुकानात जाताना मी पिशवीत माझी भांडी घेऊन गेले होते : मोठा गंज (उभं पातेलं), कोपर (मोठी परात), सराटा (उलथणं), एक उंच डबा. अमरावतीच्या दुकानात जाळ्या बाहेर ओढून एकेक ठेवून पाहिलं. वर चमच्यांची तिसरी जाळी असलेल्या मशीनमध्ये माझा गंज उभाच राहिना. आपल्या घरी पाटोडीचा रस्सा होतो, बेसन गंजाला धरून बसतं. मोठं भांडं आत मावणं आणि ७० अंशांचा जोरदार कार्यक्रम असणं, या दोन गोष्टी मी सगळ्यात वर ठेवते. सहा ते दहा माणसांना तेरा-चौदा सेटिंगचं घ्या (एका माणसाच्या जेवणाची भांडी म्हणजे एक सेटिंग), लहान नको.

माझ्या सासूबाई म्हणायच्या, “मशीनले काय समजते, पितळ का स्टील?” बरोबर होतं त्यांचं. पितळेचे गुंड, कल्हईची भांडी, हिंडालियमची कढई, लोखंडी तवा, पोळपाट-लाटणं हे हातानंच घासा. हिंडालियम एकाच धुण्यात काळं पडतं.

वीज सोळा अँपियरच्या वेगळ्या सॉकेटवर, अर्थिंग तपासून. सॉकेट मशीनच्या मागे नको, बाजूच्या कपाटात ठेवा. आमच्याकडे शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की दाब पडतो, म्हणून मी स्टॅबिलायझर लावला. मध्येच लाईन गेली तर परत आल्यावर मशीन राहिल्या जागेहून पुढे धुतं का, हे दुकानात विचारा. बसवायला आणि दुरुस्तीला माणूस कुठून येणार, तेही तिथंच विचारा.

सांडपाणी परसबागेला सोडत असाल तर बंद करा. त्यात पावडरीचं आणि मिठाचं सोडियम असतं. आपली काळी जमीन आधीच सोडियमनं चोपण होते. वांग्याच्या वाफ्यात पाणी मुरेनासं होईल.

जुनं मशीन ओढायच्या आधी पाण्याचा कॉक बंद करा, प्लग काढा, आणि पायाशी जुनं गोधड टाका. तळात दोन-तीन लिटर पाणी राहिलेलं असतं, ते मशीन तिरपं झालं की ओट्याच्या कपाटात शिरतं. मागची नळी उंदरांनी कुरतडली आहे का ते तेव्हाच दिसेल. असेल तर भिंतीतलं भोक जाळी लावून बुजवा, मगच नवं आत सरकवा.