तारखांच्या पुस्तकात फेब्रुवारीतच अडकले

प्रश्न: मी इंदूरची, सुदामानगरात राहते. वय ५८. मिस्टर प्रभूघरी गेले त्याला दीड वर्ष झालं. रविवारची उपासना हिंदीत असते. मंडळीतल्या बहिणींनी प्रेमाने पुस्तकं आणून दिली, पण प्रत्येक प्रकरण विजयाने संपतं आणि मला पुढे वाचवत नाही. रोजच्या मननाचं, तारखा घातलेलं पुस्तक फेब्रुवारीतच अडकलंय. माझी श्रद्धा कमी झाली का? काय वाचू? मुलगी म्हणते, मोबाईलवर बायबल ऐक.

उत्तर: ताई, सलाम.

तारखांचं पुस्तक आधी कपाटात ठेवून द्या. माझ्याकडेही एक होतं. मार्चमध्ये ताप आला, चार दिवस चुकले आणि पाचव्या दिवशी मी दूधवाल्याची थकबाकी चुकवावी तशी पाचही पानं एका बैठकीत उरकली. काय वाचलं, विचाराल तर शपथ!

श्रद्धेचं म्हणाल, तर स्तोत्र ८८ उघडा. सुरुवातीपासून आकांत आहे आणि शेवटही अंधारातच होतो. तरी ते बायबलात आहे, कोणी वगळलं नाही. आई गेली तेव्हा महिनाभर मी तेवढंच वाचत होते. पाळकांना ते फारसं रुचलं नाही.

पुस्तकांत पहिलं नाव लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चं. दुकानात ते धार्मिक फळीवर मिळणार नाही, आत्मचरित्रांत शोधा. १९३४पासून भागाभागाने आलेलं हे पुस्तक. नारायण वामन टिळकांना रेल्वेत एका परदेशी सहप्रवाशाने नवा करार दिला, तेव्हा ते राजनांदगावला निघाले होते. १८९५मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. त्या लगेच नवऱ्यामागे गेल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, सोवळं सांभाळत राहिल्या. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी आपला आपणच सोडवला, आणि बाप्तिस्मा काही वर्षांनी घेतला. उपदेश कुठेच नाही. उलट स्वतःची फजिती इतकी मोकळेपणाने सांगतात की हसता हसता पुस्तक मिटून बसावं लागतं. १९१९मध्ये टिळक गेले. ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं अपुरं राहिलेलं काव्य ‘ख्रिस्तायन’ मग लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई! तुमच्यासाठी हे पुस्तक पहिलं सांगितलं ते यासाठीच.

दुसरं, घरातलं ‘उपासना संगीत’, आपलं मराठी गीतांचं पुस्तक. हिंदी उपासनेमुळे ते मागे पडलं असेल. आपली माळव्यातली मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत. पण रडू आलं की आपण मराठीतच रडतो ना? मग प्रार्थनाही त्याच भाषेत करावी. माझ्याकडे वडिलांची प्रत आहे. टिळकांच्या एका गीताशेजारी त्यांनी पेन्सिलीने आई गेली ती तारीख लिहिली आहे आणि तिच्याखाली, त्याच पेन्सिलीने, गव्हाचा हिशेब. रोज एक कडवं घ्या. गावंसं वाटलं नाही तर नुसतं वाचा.

फादर स्टीफन्सचं १६१६चं ‘ख्रिस्तपुराण’ थोर खरंच, पण चारशे वर्षांपूर्वीच्या ओव्या. सध्या राहू द्या. पंडिता रमाबाईंचं बायबलचं भाषांतर कुणाकडे सापडलं तर मात्र सोडू नका. बायाबापड्यांना कळावं म्हणून त्यांनी थेट हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत केलेलं. १९२२मध्ये त्या गेल्या, आणि पूर्ण बायबल १९२४मध्ये केडगावच्या मुक्ती सदनाच्या छापखान्यातून निघालं.

बाहेरचं एकच सांगते: ब्रदर लॉरेन्स. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात स्वयंपाकघर सांभाळणारा माणूस. पुढे वहाणा दुरुस्त करायचा. त्याची पत्रं आणि संभाषणं त्याच्या मृत्यूनंतर इतरांनी गोळा केली. भांडी घासतानाही देवाशी बोलता येतं, एवढंच तो सांगतो. पुस्तक इतकं लहान की दुपारच्या एका चहात संपेल, पण संपवू नका. एक पत्र, एक आठवडा.

मुलीचंही ऐका, डोळे दुखतात तेव्हा मोबाईल बरा. फक्त पोळ्या करताना लावू नका. ब्रदर लॉरेन्सना जमलं असेल. माझा ईयोबाचा अख्खा तिसरा अध्याय तव्यावर करपला.