दूध-तूप पोटात ठरत नाही, म्हणून बाळ अशक्त होईल का?

गर्भारपणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातल्या मुली हा प्रश्न हमखास विचारतात, आणि विचारताना आवाज कापत असतो. आठ आठवड्यांची एक पहिलटकरीण आली, तिच्या घरी मोबाईलवर आलेला ‘महिनेवार आहार’ स्वयंपाकघरात चिकटवलेला होता: सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध, वर चमचाभर तूप. ती नाक दाबून प्यायची आणि लगेच उलटून पडायचं. “मॅडम, मीच कमी पडतेय का?”

सासूबाई सोबत होत्या. बाई प्रेमळ. सुनेचे हाल त्यांनाही बघवत नव्हते, पण शास्त्रात सांगितलेलं चुकायला नको ही धास्ती होती. म्हटलं, “काकू, मग शास्त्रच बघू.” आयुर्वेदाच्या चरकसंहितेत, शारीरस्थान या भागाच्या आठव्या अध्यायात, पहिल्या महिन्यासाठी दूध सांगितलंय खरं. पण ते थंड, मात्रेत आणि वेळोवेळी. आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण तिला सात्म्य असेल, म्हणजे मानवेल, तेच. दुधात तूप-मध येतं ते तिसऱ्या महिन्यात. मानवत नसलेलं बळजबरीनं पाजा, असं तिथे कुठेही नाही.

आठव्या आठवड्यात बाळ जेमतेम दीड सेंटिमीटरचं असतं. त्याची गरज आईच्या शरीरातल्या साठ्यातून भागते. म्हणून तिला सांगितलं, दूध सध्या बंद. उठल्याबरोबर मूठभर साळीच्या लाह्या, मग मीठ घातलेली भाताची पेज, डाळिंबाचे दाणे, आमसुलाचं सार. दर दोन तासांनी थोडंसं. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र चुकवायची नाही. सकाळी ठरत नसेल तर रात्री जेवणानंतर घ्यायची. आणि वैद्यांना विचारल्याशिवाय कुठलाही काढा नको. ‘आयुर्वेदिक आहे, काय होतंय’ म्हणून दिलेल्या काढ्यांची मला खरंच भीती वाटते.

एक गोष्ट दोघींकडून वदवून घेतली. पाणीसुद्धा ठरेना, लघवी कमी किंवा गडद झाली, वजन आधीच्या पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, तर लाह्या-पेजेवर थांबायचं नाही; त्याच दिवशी दवाखाना.

चौथा महिना सरता सरता मळमळ ओसरली. आता ती नाचणीची खीर खाते, त्यातलं दूध पोटात राहतं. “मग तूप आता घालू ना?” सासूबाईंनी विचारलं. म्हटलं, वरणभातावर घाला की, तिला आवडेल तेवढं.