बाभळीच्या काट्यांचे ओरखडे टूथपेस्टने जातात का?

भाऊ, शेतरस्त्यावर बाभळीच्या फांद्या घासून तुमच्या गाडीच्या दोन्ही बाजूंना ओरखडे पडलेत आणि टूथपेस्टने ते जातील का, असं तुम्ही विचारलंय. काही जातील. पण ट्यूब काढायच्या आधी एक मग पाणी घ्या.

मी यावलकडचा. आमच्याकडे केळीचा ट्रक समोरून आला की गाडी बाभळीत घालावीच लागते, त्यामुळे असल्या रेघा दरवर्षीच्या.

ओरखड्यावर पाणी ओता. ओला असेपर्यंत रेघ दिसेनाशी झाली आणि वाळल्यावर पुन्हा उमटली, तर ती वरच्या पारदर्शक थरातच आहे. पेंटर त्याला क्लिअर किंवा लॅकर म्हणतात. मग रेघेवरून नख आडवं फिरवा. अडकलं नाही तर काम घरी होतं. अडकलं तर कितीही घासा, पूर्ण जाणार नाही.

हा क्लिअरचा थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. आणि घासल्याने ओरखडा भरत नाही. आजूबाजूचा थर झिजून त्याच्या पातळीला येतो. म्हणजे दर वेळी थोडं क्लिअर कायमचं जातं. टूथपेस्टही तेच करते, फक्त ती दातांसाठी बनवलेली आहे. बारीक रेघ पुसट होते, गाडीला दोन दिवस पुदिन्याचा वास येतो. त्यापेक्षा रबिंग कंपाऊंडची, म्हणजे रंग घासून गुळगुळीत करायच्या पेस्टची, लहान डबी आणा.

आधी गाडी शाम्पूने नीट धुवा. धुळीचा एक कण फडक्यात राहिला तर जुना ओरखडा जाऊन दहा नवे येतील. दाराच्या काळ्या प्लास्टिक पट्टीवर आणि रबरावर मास्किंग टेप लावा, नाहीतर कंपाऊंडचा पांढरा थर त्यात बसतो आणि महिनाभर निघत नाही. मायक्रोफायबरच्या मऊ फडक्यावर वाटाण्याएवढं कंपाऊंड घ्या, एका वेळी वीतभर जागा, हात हलका. दाराच्या कडांवर आणि उठलेल्या रेषेवर घासू नका, तिथे रंग लवकर उघडा पडतो. शेवटी पॉलिश आणि वॅक्स. नुसतं वॅक्स लावलं तर रेघ तेवढ्यापुरती झाकते, काही धुण्यांनंतर परत दिसते.

आता माझा शहाणपणा ऐका. मे महिन्यात, पारा 44 ला, भर दुपारी अंगणात बॉनेट घासायला घेतलं. पत्रा तव्यासारखा तापलेला. कंपाऊंड लावताक्षणी चुन्यासारखं वाळलं, मी इरेला पेटून आणखी जोर लावला. शेजारचे काका म्हणाले, ‘काय करून राह्यला भो?’ संध्याकाळी पाहतो तर ताटाएवढा धुरकट डाग. शेवटी पेंटरकडे मशीनने पॉलिश करून घेतला. तेव्हा सावलीत, पत्रा हाताला गार लागला की मगच करा.

नख अडकतंय आणि आत राखाडी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, दिसतोय, तर टचअप, म्हणजे गाडीच्याच रंगाची छोटी बाटली आणून लावा. रंगाचा कोड बऱ्याच गाड्यांत दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, नाहीतर शोरूमला विचारा. काडीच्या टोकाने पातळ थर द्या, वाळू द्या, पुन्हा द्या. सिल्व्हर गाडी असेल तर जवळून ठिपका दिसणारच, मनाची तयारी ठेवा. पत्रा उघडा पडला असेल तर पावसाळ्याची वाट पाहू नका, गंज आतून पसरतो. बंपर प्लास्टिकचा, त्याला घाई नाही. आणि थिनर कोणीही सांगितला तरी लावू नका, विशेषतः गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या भागावर.

दोन रेघांसाठी विम्याचा क्लेम मात्र टाळा. क्लेम न घेता पहिलं वर्ष गेलं की ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यावर 20 टक्के सूट मिळते, पाच वर्षांत ती 50 टक्क्यांवर जाते. एका क्लेमने ती शून्यावर येते. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीत पहिले 1000 रुपये आपल्याच खिशातले.

आणि हो, रोज सकाळी कोरडं फडकं मारायची सवय असेल तर आधी ती सोडा. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा चमकतात ना, त्यातल्या बहुतेक त्या फडक्याच्या असतात, बाभळीच्या नाहीत. बाभळीसाठी मी डिकीत कोयता ठेवतो.