मुलगा म्हणतो, ‘मला सेवेचं पाचारण आहे’

ताई, जय ख्रिस्त.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, दोन सेमिस्टर उरलेली, कर्जाच्या कागदावर वडिलांची सही. आणि तो म्हणतो, हे सगळं सोडून बायबल कॉलेजला जातो, शिष्य व्हायचं तर किंमत मोजावीच लागते. तुम्ही अडवलंत की बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय काढून दाखवतो. ‘मी देवाच्या आड येतेय का?’ असं तुम्ही विचारलंय. नाही, ताई. अजिबात नाही.

पत्रात एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत आणि मी तिथंच अडकलो. त्यानं आपला मोबाइल होस्टेलमधल्या एका गरजू मुलाला देऊन टाकला. आता तो तुमचा वापरतो आणि तुम्ही बहिणीशी बोलायला शेजारी जाता. त्याच्या मनात खोट नाही, हे मला पटतं. पण दिलं त्यानं आणि भरताय तुम्ही.

असं थोरामोठ्यांच्या घरीही झालंय. कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या श्रद्धेवर कोण शंका घेईल? पण पुढची काही वर्षं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला घेऊन त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, पंढरपुरासारख्या ठिकाणी, नातेवाइकांच्या आधारानं. 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधल्या वर्षांची किंमत त्यांनीही मोजली, आणि ती त्यांना कुणी विचारून लावलेली नव्हती.

मुलगा त्या अध्यायातलं सव्विसावं वचन दाखवतो ना, आईबापांपेक्षा येशू मोठा असं सांगणारं? त्याला अठ्ठाविसावं मोठ्यानं वाचायला सांगा. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे येशूच्या त्याच तोंडचे शब्द आहेत. मार्कच्या सातव्या अध्यायात तर ‘कुर्बान’ म्हणून आईबापांचा वाटा देवाच्या नावे लावणाऱ्यांना येशू चांगलंच सुनावतो. आणि ‘स्वतःला नाकारून वधस्तंभ उचला’ हे वचन मत्तय, मार्क, लूक तिघांत आहे, पण ‘दररोज’ हा शब्द एकट्या लूकनं ठेवलाय. कॉलेज एकदाच सोडता येतं. न आवडणाऱ्या थर्मोडायनॅमिक्सच्या बॅकलॉगला मात्र रोज पहाटे बसावं लागतं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण त्याला द्या. केडगावच्या ‘मुक्ती’ आश्रमातल्या शेकडो मुलीबायकांचा संसार सांभाळत त्या हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणायला वर्षानुवर्षं बसल्या. 1921 मध्ये मनोरमा गेली, पोटची एकुलती एक लेक. तरी काम चालूच होतं, 1922 मध्ये स्वतः जाईपर्यंत.

आता व्यवहाराचं. सेरामपूर विद्यापीठाचं (बंगालमधलं, आपलं श्रीरामपूर नव्हे) बी.डी. (धर्मशिक्षणाची पदवी) पदवीधरांसाठी चार वर्षांचं असतं. कुठलीही पदवी चालते, पण या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी हवी. म्हणजे इंजिनिअरिंग पुरं केलं तर त्याचंच दार उघडतं. पुण्यात नावाजलेल्या सेमिनरी (पाळकांचं शिक्षण देणाऱ्या संस्था) आहेत. तिथं आपल्या मंडळीची (चर्चची) शिफारस लागते, त्यामुळे पाळकसाहेबांशी बोलणं तसंही टळणार नाही. कर्जाचे हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होतात. तुमच्या बँकेत नेमकं विचारून घ्या. माझा सल्ला असा: पदवी, मग दोन वर्षं नोकरी, कर्ज फेडायचं त्यानंच, आणि त्या दोन वर्षांत दर रविवारी संडे स्कूलचा वर्ग. एवढं करूनही ओढ तशीच राहिली, तर अर्जावर वडिलांच्या सहीशेजारी तुम्हीही आनंदानं सही करा.

येत्या रविवारी उपासनेनंतर तुम्ही दोघं आणि तो, तिघं मिळून पाळकसाहेबांकडे बसा. तो बोलेल तेव्हा मध्ये तोडू नका. त्याला खरंच काहीतरी ऐकू आलेलं असेल. तुमचा मोबाइल मात्र आजच त्याच्याकडून परत मागून घ्या. त्याला साधा बटणांचा पुरेल.